बारावी सुई

जेवणाची सुट्टी झाली तशा बाया आपापली सुई आणून माझ्यासमोरच्या स्टीलच्या डबीत टाकू लागल्या. सकाळी जेवढ्या दिल्या तेवढ्या दुपारी परत घ्यायच्या, मगच कुणाला जेवायला उठू द्यायचं, हा आमच्या घरचा नेम. डबी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरात सगळ्यात शिकलेली मी आणि सगळ्यात संशयीही मीच. शेजारी चटईवर माझी मुलगी झोपली होती. क्षेमा, नऊ महिन्यांची. श्वास आत घेताना तिच्या गळ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. विहारात पन्नास-साठ माणसं बोलत होती, आणि मला तेवढाच ऐकू येत होता.

"भरल्या का बारा?" माझ्या सासऱ्यांनी खांबापाशी उभं राहून विचारलं.

"अकरा," मी म्हणाले.

ते जवळ आले. "पुन्यांदा मोज."

मी डबी उपडी केली आणि एकेक सुई बोटानं बाजूला सारत त्यांच्यासमोर मोजली. अकरा.

"माझी सुई दिसत नाही. क्षेमा मघाशी डबीपाशी रांगत आली होती," मी म्हणाले. "तिच्या तोंडात काहीतरी होतं. मी बोट घालून पाहिलं. सापडलं नाही."

हे बोलताना माझा आवाज कसा होता ते मला अजून आठवतं. बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसा.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. माझे सासरे लहानुजी रामटेके पवनीत चिवरं शिवायचे. चिवर म्हणजे भन्तेंचं, भिक्खूंचं वस्त्र. तरुणपणी ते गाव सोडून पवनीत आले तेव्हा त्यांच्याकडे जुनी मशीन होती, गिऱ्हाईक नव्हतं. आडनावावरून जात कळायची, आणि रामटेक्याला अंगाचं माप कोण घेऊ देणार, असा तो काळ आणि अशी ती बाजारपेठ. गावाबाहेरच्या टेकडीवरच्या विहारात तेव्हा एक म्हातारे भन्ते होते. त्यांनी आपलं फाटकं चिवर यांच्यापुढे ठेवलं आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढून शिकवलं, की अख्खं कापड भिक्खूनं अंगावर घ्यायचं नसतं. आधी त्याचे तुकडे करायचे आणि मग धानाच्या बांध्या, शेतातले चौकोनी तुकडे, असतात तसे जोडायचे. मधल्या पट्ट्या म्हणजे धुरे, बांध्यांमधले बांध. हे धानाच्या मुलखातल्या माणसाला एकदाच सांगावं लागलं. त्या भन्तेंनी दुसऱ्या विहारांत नाव सांगितलं, तिथून तिसऱ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानात तीन मशिनी होत्या आणि अकोल्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या विहारांत एसटीच्या पार्सलनं चिवरं जात होती.

पण सासरे त्याला कधी धंदा म्हणाले नाहीत. ते कामावर बसायच्या आधी कापडाला हात जोडत. एखाद्या विहारातून उसवलेलं चिवर आलं, की नवीन ऑर्डर बाजूला सारून आधी ते मशिनीवर घेत, मग ते कुणीही शिवलेलं असो, आणि त्याचं काही घेत नसत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ज्यानं मले उभं केलं, त्याचा टाका उसवला अन् मी दुसऱ्याचं शिवत बसू?"

आणि वर्षातून एकदा कठीण चिवरदान. पावसाळ्याचे तीन महिने भन्ते एका जागी राहतात, तो वर्षावास संपला की महिनाभरात हा दिवस येतो. त्या दिवशीचं चिवर त्याच दिवशी कापायचं, शिवायचं, रंगवायचं आणि त्याच रात्री भिक्खूसंघाला द्यायचं. नाहीतर ते कठीण चिवर होत नाही. आता बहुतेक ठिकाणी तयारच आणून देतात. सासरे मात्र सत्तावीस वर्षं टेकडीवरच्या विहारात, गावातल्या बायांना सोबत घेऊन, हातशिलाईनं ते शिवत आले होते. वर्षभर जे दिलं ते कामाचं, हे मात्र आभाराचं, असं ते म्हणायचे.

सुयांचा नेमही तिथलाच. फार वर्षांपूर्वी एका चिवराच्या धुऱ्यात सुई राहून गेली. वरून चुंबक फिरवला होता, तरी राहिली. म्हाताऱ्या भन्तेंच्या खांद्यात ती रुतली आणि त्यांनी दोन दिवस ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून मोजणी कमी भरली की सुई सापडेपर्यंत चिवर जागचं हलायचं नाही, गरज पडली तर सगळे टाके उसवायचे. ही गोष्ट मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आली. म्हणजे अकरा म्हटल्यावर पुढे काय होणार, हे मला चांगलं माहीत होतं.

बारावी सुई माझीच होती, आणि ती माझ्या पिशवीच्या पट्ट्यात होती. क्षेमाचे कपडे, दुपटी, पाण्याची बाटली असायची त्या पिशवीच्या. साडेअकराला, सगळ्या बाया भन्तेंच्या भोजनाचं वाढायला गेल्या तेव्हा, मी ती तिथे खोचली होती. पट्टा जाड होता, सुई आडवी पूर्ण आत गेली. मी वरून बोट फिरवून पाहिलं, टोचत नव्हती. मग क्षेमाला दूध पाजलं.

हे मी का केलं ते सांगायला हवं.

क्षेमा दुसऱ्या महिन्यात असल्यापासून तो आवाज होता. झोपेत वाढायचा, रडली की वाढायचा. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून काही नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, पहिलटकरणीला कावळा ओरडला तरी लेकराला काही झालं वाटतं. मी नागपूरला मायक्रोबायोलॉजी शिकले होते. शिकलेल्या बाईला रोगांची नावं माहीत असतात, एवढाच काय तो फरक. मी एका वहीत लिहायला लागले. वेळ, आणि एका मिनिटातले श्वास. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन फोटो काढू या, असं मी सासऱ्यांना श्रावणात म्हणाले, पोळ्याला म्हणाले, आणि दसऱ्याच्या आधी म्हणाले. प्रत्येक वेळी त्यांनी मान वर करून नीट ऐकलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर आलं: "हो. एवढा सीझन होऊ दे, बाई." वर्षावास संपतानाचे ते दोन महिने म्हणजे दुकानाचं वर्ष. नवरा पहाटे पार्सलं घेऊन स्टँडवर, सासरे कटिंगला, सासूबाई काजं-पट्ट्यांना. कुणी वाईट नव्हतं. कुणाला वेळ नव्हता.

लोक म्हणत, अस्मिता फार घाबरते. खरं म्हणजे मला भीती वाटत नव्हती. दुसरंही काही वाटत नव्हतं. क्षेमा पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा सगळे हसले, मी वहीत तारीख लिहिली. ती रडली की मी घड्याळ बघायची. भीतीचं सगळं काम मी करत होते, उठणं, नाकाखाली बोट धरणं, मोजणं, फक्त ती भीती तेवढी कुठे सापडत नव्हती. सुई खोचताना मला एवढंच दिसत होतं, की या घरात एकच गोष्ट अशी आहे जिच्यासाठी सगळं काम थांबतं.

आणि थांबलं.

"संघपाल," सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली, "गाडी काढ. भंडारा. मधात कुठं थांबू नको." श्रावणापासून जे झालं नाही ते दहा सेकंदांत झालं. सासूबाईंनी क्षेमाला झोपेतून उचलून तिचं तोंड उघडून पाहिलं, ती किंचाळून रडायला लागली. "डोळ्यांत तेल घालून बसते म्हनते," त्या मला म्हणाल्या, "अन् सुई लेकराच्या पोटात गेली." बाया चटया उचलून झटकू लागल्या. कुणीतरी झाडू आणला, तर सासऱ्यांनी तो बाजूला ठेवायला लावला आणि हातानं चाचपायला सांगितलं. मग ते स्वतः चिवरापाशी बसले. ते जवळजवळ होत आलं होतं, पाच बांध्या जोडून झाल्या होत्या, कडेची पट्टी तेवढी उरली होती. बाहेर रंगाचा गंज चुलीवर चढलेला होता. त्यांनी चुंबक फिरवला. काही लागलं नाही. त्यांनी खिशातून ब्लेड काढलं.

मी दाराशी चपला घालत होते. पहिला धुरा उसवताना दोऱ्याचा जो आवाज होतो तो ऐकला. पिशवी माझ्या खांद्याला होती.

तेव्हा बोलता आलं असतं. मी बोलले नाही. मी बाहेर येऊन गाडीवर बसले.

पवनी ते भंडारा सव्वा तास लागला. संघपाल सारखा मागे वळून विचारत होता, रडते का, थुंकली का, रक्त दिसते का. मी नाही म्हणत होते. ते खरंच होतं.

दवाखान्यात सुई म्हटल्यावर कुणी रांगेत उभं केलं नाही. फोटो काढताना क्षेमाचे हात मी धरले आणि पाय संघपालनं. मग आम्ही बालरोगाच्या खोलीत गेलो. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या, चष्म्याला दोरी लावलेली. त्यांनी फोटो उजेडात धरला, फिरवला, पुन्हा धरला.

"सुई नाही," त्या म्हणाल्या. "गळ्यापासून खालपर्यंत कुठेच नाही."

संघपाल भिंतीला टेकला आणि तोंडावरून हात फिरवायला लागला. डॉक्टर मात्र क्षेमाच्या गळ्याकडे कान देऊन ऐकत होत्या. हा आवाज कधीपासून, त्यांनी विचारलं. मी पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी क्षेमाला पालथं केलं, उताणं केलं, गळा तपासला, वजन केलं, दूध कसं पिते ते विचारलं. मग सांगितलं, की काही बाळांचा घशातला भाग मऊ असतो, श्वास घेताना तो आत ओढला जातो आणि आवाज येतो. दीड-दोन वर्षांपर्यंत तो आपोआप घट्ट होतो. वजन चांगलं आहे, रंग चांगला आहे. निळी पडली, दूध ओढेनाशी झाली तर लगेच आणा. एरवी या आवाजाला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही.

तीन महिने मी जे ऐकायला धडपडत होते ते कुणीतरी नीट बघून सांगितलं होतं. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल, निदान रडू येईल. मी फोटोवर कोपऱ्यात लिहिलेला नंबर वाचत उभी राहिले.

डॉक्टर वहीची पानं उलटत होत्या.

"तुम्ही झोपता कधी?"

"ती झोपली की."

"हे सगळे आकडे ती झोपलेली असतानाचे आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. एक दहा. एक चाळीस. दोन पाच. दोन तीस. त्यांनी संघपालला कसल्यातरी कागदावर शिक्का आणायला पाठवलं. तो गेल्यावर विचारलं, "मुलीकडे बघितलं की काय वाटतं?"

हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. "श्वास मोजावासा वाटतो," मी म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "दुसरं काही वाटत नाही."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काही आणलं नाही, त्याचं मला बरं वाटलं असतं, काही वाटत असतं तर.

"मॅडम," मी म्हणाले, "सुई गेलीच नव्हती. ती इथे आहे." आणि पिशवीचा पट्टा त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी वरून बोट फिरवलं, त्यांना ती लागली. का, असं त्यांनी विचारलं नाही. वही आणि फोटो दोन्ही त्यांच्यासमोरच होते. त्यांनी एवढंच विचारलं, की घरी हे कुणाला माहीत आहे का, तिकडे कुणी शोधत असेल का. मी त्यांना कठीण चिवराचं सांगितलं, थोडक्यात, जसं परक्या माणसाला सांगतात. ते आजच व्हावं लागतं, आणि सुई मिळाल्याशिवाय ते पुढे सरकणार नाही.

"किती वाजले?" त्यांनी स्वतःच घड्याळ पाहिलं. पावणेतीन. "बाहेर जाऊन फोन करा. आणि मंगळवारी इथेच परत या. बाळासाठी नाही, तुमच्यासाठी. मानसिक आजारांच्या ओपीडीला मी चिठ्ठी लिहून देते. बाळंतपणानंतर होतं असं. त्याला औषध आहे."

मी व्हरांड्यात येऊन फोन लावला. एक रिंग होताच सासऱ्यांनी उचलला.

"लेकरू?"

"बरी आहे, बाबा. पोटात काही नाही. आवाजाचंही काही नाही म्हणाल्या."

त्यांचा श्वास सुटलेला ऐकू आला. ते कुणालातरी, लेकरू चांगलं हाय, असं म्हणाले आणि मागे बायांचा गलका झाला. मग ते पुन्हा फोनवर आले. "म्हनजे सुई चिवरातच हाय. तीन धुरे खोलले. दोन राह्यले. खोलतो. पर रंग व्हते का नाही आज, ते काही सांगता येत नाही."

ते हे तक्रारीनं म्हणाले नाहीत. सत्तावीस वर्षांनंतर हे वर्ष चुकणार, हे त्यांनी मनाशी धरलेलं होतं आणि तरी ते ब्लेड चालवत होते.

"खोलू नका," मी म्हणाले. "सुई माझ्याजवळ आहे. पिशवीच्या पट्ट्यात. मीच खोचली होती."

पलीकडे कुणीतरी गंजाखालचा जाळ कमी करायला सांगत होतं. लाकूड ओढल्याचा आवाज आला. एक पोर हसलं.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात नेत नव्हते म्हणून."

फोन कटला की काय म्हणून मी पाहिलं, सेकंद चालू होते.

"बरं," ते म्हणाले, आणि ठेवला.

मी वळले तर संघपाल शिक्का मारलेला कागद घेऊन मागे उभा होता. त्यानं किती ऐकलं ते मी विचारलं नाही. परत येताना अड्याळला चहाच्या टपरीपाशी त्यानं गाडी उभी केली, चहा सांगितला आणि कप हातात देताना म्हणाला, "मले तरी सांगायचं."

"तुला रोज सांगत होते."

त्यानं आपला कप न पिताच खाली ठेवला. मग त्यानं क्षेमाला माझ्या मांडीवरून घेतलं, तिचा गळा कानाजवळ धरला आणि तो आवाज ऐकला. बहुतेक पहिल्यांदाच नीट.

टेकडीच्या पायऱ्या चढलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वर काय वाट्याला येईल याचा मी हिशेब केला होता. सगळ्या बाया गप्प होतील, सासूबाई तोंड फिरवतील, भन्ते बोलावतील. तसं काही झालं नाही. बाया चिवराभोवती दाटीवाटीनं बसून भराभरा टाके घालत होत्या. कापड पुन्हा जुळत आलं होतं. एक जण मान वर करून म्हणाली, "पुढल्या सालापासून सुईले बी दावं लावत जा वो, लहानुभाऊ," आणि बाकीच्या हसल्या. सासूबाईंनी क्षेमाला ओढून घेतलं, तिचे मुके घेतले आणि मला म्हणाल्या, "पिशवीत सापडली म्हने. यायनं सांगतलं सगळ्यायले, सुई सापडली, लेकराच्या पिशवीत व्हती म्हनून. पहिलेच झाडून पाहाची ना पिशवी. आमचा जीव काढला नुसता."

सुई सापडली. लेकराच्या पिशवीत होती. मी ते वाक्य मनात उलटून पाहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. रोज संध्याकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं जे शील सासरे जरा जास्त सावकाश म्हणायचे, ते त्यांनी मोडलं नव्हतं, आणि मलाही उघडं पाडलं नव्हतं.

मी पट्ट्यातून सुई काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती घेतली, टोक अंगठ्यावर तपासलं, दोरा ओवला आणि मलाच परत दिली. कडेच्या पट्टीकडे बोट दाखवलं. मी बसले. दोन्ही बाजूंच्या बायांनी गुडघे आवरून जागा केली. माझे हात चालत होते. टाके सरळ येत होते. आपण किती जणांची दुपार उसवली, हे मला समजत होतं, जसं कुणी दुसऱ्या गावचं सांगावं तसं. लाज वाटायला हवी होती. मी तिची वाट बघत टाके घालत राहिले.

दिवेलागणीला चिवर रंगाच्या गंजात बुडवलं. वाळायला ऊन उरलं नव्हतं, म्हणून चुलीच्या दोन्ही बाजूंना चार-चार माणसं कापड ताणून उभी राहिली. पुरतं वाळलं नाहीच. शेवटी ओलसरच घडी करून सासऱ्यांनी ते दोन्ही हातांवर घेतलं आणि संघापुढे ठेवलं. त्या वर्षी ते भन्ते धम्मसिरींना मिळालं, त्यांचं चिवर सगळ्यात विरलेलं होतं म्हणून. त्यांनी उचललं तेव्हा रंगाचं पाणी ठिबकून फरशीवर पडलं. सगळे साधु, साधु, साधु म्हणाले. सासऱ्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं आणि इतर वर्षांपेक्षा जरा जास्त वेळ टेकवून ठेवलं. मी बघत होते.

खाली उतरताना क्षेमा त्यांच्या खांद्यावर होती. सासूबाई आणि संघपाल भांडी घेऊन पुढे गेले होते. निम्म्या पायऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टरीन काय म्हनली?"

बाळाचं मी पुन्हा सांगितलं. मग मी म्हणाले, "मला मंगळवारी बोलावलं आहे."

"तुले काय झालं?"

"मला काही वाटत नाही, बाबा."

"कायचं?"

"कशाचंच."

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "हिचं बी?"

क्षेमाची शिट्टी चालू होती. "हिचंही," मी म्हणाले.

आता ते काही बोलतील, आई असं कसं म्हणू शकते, असं काहीतरी, असं मला वाटलं. ते वर विहाराकडे पाहत राहिले. दिवे मालवत होते.

"तू तीनदा आली व्हती माह्याजवळ," ते म्हणाले. "मले याद हाय. तिन्ही खेपेला माह्या हातात दुसऱ्याचं उसवलेलं व्हतं."



मंगळवारी सकाळी मी एकटीच निघायची तयारी करत होते. संघपालला नागपूरचं पार्सल पोचवायचं होतं, अकोल्याच्या विहाराची सहा चिवरं कटिंग होऊन पडली होती. कार्तिक पौर्णिमा चार दिवसांवर. सासरे विहारात जातानाचा पांढरा सदरा घालून बाहेर आले आणि दुकानाचं शटर ओढलं. सासूबाईंनी विचारलं, अकोलेवाल्यांचं कसं.

"भन्ते थांबतील," ते म्हणाले. "थांबाची सवय आपल्यापेक्षा त्यायलेच जास्त हाय."

एसटीत त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि क्षेमाला स्वतःच्या मांडीवर घेतलं. झोपून घे म्हणाले. मी डोळे मिटले, झोप आली नाही, पण त्या सव्वा तासात मी तिचे श्वास मोजले नाहीत. ते मोजत होते. ओठ हलताना दिसत होते.

दवाखान्यात नाव नोंदवायची रांग लांब होती. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईंनी त्यांच्या खांद्यावरच्या क्षेमाकडे पाहिलं, तिच्या गळ्यातला आवाज ऐकला आणि पेन उचललं. "किती महिन्यांचं आहे बाळ?"

"लेकरू चांगलं हाय," सासरे म्हणाले. त्यांनी क्षेमाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बाजूला सरकून खिडकीपाशी मला जागा करून दिली. "माह्या सुनेचं नाव लिवा."

बाईंनी कागद बदलला. "वय?"

"सव्वीस," मी म्हणाले.